आतल्या खिळ्यावरचा बिल्ला

दार ढकललं आणि आधी वास आला. खडूचा, ओल्या लाकडाचा, स्टोव्हमधल्या जुन्या राखेचा. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून वर येणारा तो भुयाराचा वास, ज्याला आम्ही मुलं 'खालचा वास' म्हणायचो. एरवी न्यू जर्सीत, एडिसनच्या माझ्या घरात दूध करपलं तरी मला पत्ता नसतो, लेक वरच्या मजल्यावरून ओरडते तेव्हा कळतं. हा वास मात्र नाकानं लगेच ओळखला.

खोली केवढीशी ती! मला मोठी आठवत होती. पाच-सहा बाकं, एक फळा, एक खिडकी पेअरच्या बागेकडे आणि एक डोंगराकडे. बागेत आता कोणी फळं उतरवत नाही. ऑक्टोबर होता, फळं आपली आपण पडून गवतात आंबत होती, आणि त्यांच्यावर गांधीलमाश्यांची इतकी घूं घूं चालली होती की कोणी तरी लांबून जप करतंय असं वाटावं.

बाहेर पोर्चवर घडीच्या खुर्चीत, गोधडी पांघरून मिस पेंडर बसल्या होत्या. आमच्या बाई. नव्वदी कधीच ओलांडलेल्या, हाताची त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी. मला बघून त्यांनी ना मिठी मारली, ना डोळे पुसले. नुसत्या म्हणाल्या, "आलीस. जा, आत जाऊन बस." सातवीतली मुलगी शाळेला उशिरा आल्यावर म्हणावं तसं. आणि मी, साठीला टेकलेली बाई, मुकाट्यानं आत गेले.

मी इथे आले ती डोरीनच्या फोनमुळे. डोरीन लहानपणी माझ्या बाकावर बसायची आणि माझ्या डब्यातलं लोणचं बोटानं चाटून डोळ्यांतून पाणी काढायची. पुढे आमचं काही बोलणं राहिलं नाही. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, त्यामुळे तिला मी सापडेना. शेवटी नेटवरच्या माझ्या लेकीच्या फोटोत माझा चेहरा ओळखून तिनं मला शोधून काढलं. मी मेथी निवडत होते, फोन खांद्यात धरलेला. ती म्हणाली, शाळा उचलतायत. मला कळेना, उचलतायत म्हणजे काय. म्हणजे खालून जॅक लावून, अख्खी खोली ट्रेलरवर चढवून, गावातल्या जत्रेच्या मैदानावर नेऊन ठेवणार. तिथे म्हणे तिचं म्युझियम होणार, दाराला कुलूप लागणार, शनिवारी-रविवारी लोक बघायला येणार. सगळं ठरलंय, फक्त मिस पेंडर दारातून उठायला तयार नाहीत.

"का?" मी विचारलं.

"कारण दोन बिल्ले अजून आत आहेत," डोरीन म्हणाली. "एक ॲडाचा. दुसरा तुझा."



बिल्ल्यांचं सांगायला हवं. आमचा तो मुलुख कॅलिफोर्नियाच्या डोंगरउतारावरचा, अर्धा बागायतीचा, अर्धा सोन्याच्या खाणींचा. खाणी मी पोचले तेव्हा बंदच होत्या, पण माणसांच्या वागण्यात त्या जाग्या होत्या. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असायचा. तोंडाशी फळी, फळीवर खिळ्यांच्या दोन ओळी, एक 'आत'ची, एक 'बाहेर'ची. उतरताना बिल्ला आतल्या खिळ्यावर, वर आलं की बाहेरच्या. संध्याकाळी फळीकडे बघितलं की कळायचं, जमिनीखाली कोणी राहिलंय का. हीच रीत शाळेनं घेतली होती. दाराशेजारी तशीच फळी, तशाच दोन ओळी. सकाळी आम्ही बिल्ला आत लावायचो. दुपारी शाळा सुटली की तो बाहेरच्या खिळ्यावर अडकवायचा आणि खाणवाल्यांसारखं मोठ्यानं ओरडायचं, "अप!" शेवटचं मूल अप म्हणेपर्यंत मिस पेंडर खुर्चीवरून हलायच्या नाहीत.

बिल्ल्यावर आपापली खूण आपणच खिळ्यानं कोरायची. डोरीननं घोडा कोरला होता. मी आंब्याचं झाड कोरलं, पण सगळे त्याला कोबी म्हणायचे. मी चिडून चिडून सांगायचे की बाबांनो, हा आंबा आहे. आंबा म्हणजे काय, हे त्या खोऱ्यात कोणाला ठाऊक होतं म्हणा.

नियम तीनच होते, आणि ते मिस पेंडर गणिताच्याही आधी शिकवायच्या. आपला बिल्ला आपणच हलवायचा, दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. बाई सगळ्यांत शेवटी निघणार. आणि कोणी आतच राहिला, वर आलाच नाही, तर त्याचा बिल्ला त्याच्या सख्ख्यानं काढायचा, पण जिवंत असलेले सगळे वर आल्यावरच. जिवंत माणूस आत असताना मेलेल्याला बाहेर काढत नाहीत, असं त्या म्हणायच्या, आणि आम्ही ते पाढ्यासारखं मागून म्हणायचो.

ॲडा म्हणजे मिस पेंडर यांची थोरली बहीण. दोघी याच शाळेत शिकलेल्या. शाळेच्या मागे एक जुनं भुयार होतं, मधल्या सुट्टीत ॲडा तिकडे गेली आणि शाळा सुटली तरी आली नाही. का गेली, काय झालं, ते मला कधीच नीट कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. लहानपणी काही गोष्टी हवेसारख्या असतात, त्या असतात एवढंच. तिचा बिल्ला, वर एक चिमणी कोरलेला, आतल्या ओळीत पहिल्या खिळ्यावर असायचा. आत कोणी असताना दाराला कुलूप लावायचं नाही, म्हणून शाळेला कुलूपच नव्हतं. धाकटी बहीण पुढे त्याच शाळेत बाई झाली आणि रोज आमच्या मागून दार नुसतं ओढून घेऊन घरी जायची.

त्या खोऱ्यात एके काळी टेकडीगणिक शाळा होती. खाण उघडली की शाळा उघडायची. खाणीत पाणी भरलं की बाप निघून जायचे, मागोमाग पोरं, आणि मग लोक शाळेच्या खोलीला बैल जुंपून ती पुढच्या वस्तीला ओढत न्यायचे. काही शाळांत गवत भरलं गेलं, एकीचं चर्च झालं, एक जळाली. मिस पेंडर आम्हाला त्या शाळांची नावं पाठ करायला लावायच्या. ब्लू टनेल, विडोज फ्लॅट, ऑक्स क्रॉसिंग, लिटल मर्सी. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यावीत तशी ती आम्ही घ्यायचो. पेअर उतरवायच्या हंगामात शाळा बंद असायची. मग पोरं परत यायची ती हात काळे झालेली, चिकानं डागाळलेली, आणि वर्गभर कच्च्या फळांचा वास.

लिटल मर्सीची शाळा धरणाच्या पाण्याखाली गेली होती. कोरड्या वर्षी तिच्या दगडी पायऱ्या उघड्या पडायच्या. एकदा मिस पेंडर आम्हाला तिथे घेऊन गेल्या होत्या. चिखलातून पायऱ्या वर आल्या होत्या आणि वर काही नव्हतं, नुसतं आकाश. बाईंनी काठावर उभं राहून त्या शाळेतल्या मुलांची हजेरी घेतली, तोंडपाठ, कुठे काही लिहिलेलं न बघता. प्रत्येक नावानंतर त्या थांबायच्या, उत्तर येईल एवढा वेळ. आमच्यातलं कोणीही हसलं नाही. परत येताना डोरीननं माझा हात इतका घट्ट धरला होता की माझ्या बांगडीचा वळ तिच्या मनगटावर उठला.

मी दुसरीत असताना आम्ही तिथे पोचलो होतो. बाबा डॉक्टर, तालुक्याच्या छोट्या दवाखान्यात. मोठ्या शहरांत तेव्हा त्यांना कोण नोकरी देणार होतं! आई गुहागरकडची. साडीवर बाबांचा तपकिरी स्वेटर चढवून ती त्या खोऱ्यातल्या रस्त्यांवरून चालायची. इंग्रजी जेमतेम, पण तिला कुठे अडलं नाही. लोकांना वाटायचं, ही बाई इथे कशी रमणार. आणि ती पहिल्याच हिवाळ्यात म्हणाली, "हे आपल्या कोकणासारखंच आहे गं. इथेही जागेला मालक आहेत."

कारण मी तिला जमिनीखालच्या आवाजांबद्दल सांगितलं होतं. आमच्या वर्गाच्या खालून खाणीचा एक फाटा गेला होता. हिवाळ्यात तिसऱ्या बाकाखालची जमीन कोमट लागायची, उन्हाळ्यात तीच गार. बाहेर बर्फ पडला की सगळं अंगण पांढरं व्हायचं, आणि मधून एक काळा पट्टा जायचा, जिथे बर्फ टिकतच नसे. आणि दुपारी, वाचनाच्या तासाला, सगळे गप्प असले की खालून ठक ठक यायचं. कधी दोनदा, कधी तीनदा. लाकूड आखडतं, पाणी ठिबकतं, असं डोरीनचे वडील सांगायचे. पण त्यांची स्वतःची आजी डब्यातल्या पेस्टीची, म्हणजे त्यांच्या खाऱ्या करंजीची, कडा मोडून जमिनीच्या फटीत सारायला विसरायची नाही. खालच्यांना वाटा दिला की ते धोक्याची सूचना आधी देतात, अशी खाणवाल्यांची रीत. खालच्यांना सगळे 'नॉकर', ठोकणारे, म्हणायचे.

आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या माहेरी बागेच्या कडेला राखणदार होता, त्याला दर अवसेला भात जायचा. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात कोपऱ्यात गूळ-पोळीचा एक छोटा तुकडा वेगळा असायचा. "तो तुझा नाही हं," ती बजावायची. "आणि त्यांनी वाजवलं तर उलट वाजवायचं नाही. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, कोणाच्याही." बाकीची पोरं टाचेनं ठक ठक करून उत्तर द्यायची, मी पाय वर घेऊन बसायचे. बाबा या सगळ्याला हसायचे. मेडिकल कॉलेजात शिकलेला नवरा आणि राखणदाराला पोळी पाठवणारी बायको, असा आमचा संसार होता, आणि बाबांनी कधी तो तुकडा डब्यातून काढायला लावला नाही.

शाळा सुटायच्या वेळी आई कधी कधी न्यायला यायची. पायरीवर उभी राहायची, आत यायची नाही. एकदा मिस पेंडर यांनी तिला आग्रहानं बोलावलं, तेव्हा ती आत येऊन फळीसमोर उभी राहिली आणि ॲडाच्या चिमणीकडे बघत बसली. मग तिनं मला विचारलं, "हिचं कोण करतं?" म्हणजे वर्षाला, श्राद्धाला. मी म्हटलं, इथे तसलं काही नसतं.  पण त्यानंतर डब्यात पोळीचे दोन तुकडे यायला लागले.

मग एका वर्षी, पेअर उतरवून झाल्यावर, आम्ही ते खोरं सोडलं. बाबांना न्यू जर्सीत काम मिळालं असणार. मला आठवतो तो शेवटचा दिवस. गाडीत सामान भरलेलं, बाबा हॉर्नवर हात ठेवून बसलेले. मिस पेंडर यांनी मला फळीपाशी नेलं. मी आंब्याचा बिल्ला आतल्या खिळ्यावरून काढला, बाहेरच्या खिळ्यावर अडकवला आणि अप म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात आई आत आली. चपला पायरीवर काढून, तशीच अनवाणी. तिनं बिल्ला माझ्या हाताखालून उचलला आणि परत आतल्या खिळ्यावर लावला.

"असं गेले, संपलं करून कुठून निघू नये," ती म्हणाली. "मागे काही तरी ठेवावं. म्हणजे परत येणं होतं."

 दुसऱ्याचा बिल्ला हलवणं म्हणजे त्या खोऱ्यात केवढा गुन्हा होता, ते तिला कुठे ठाऊक होतं. माझे कान तापले. मिस पेंडर आईकडे बघत राहिल्या, त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. मग आईनं, आमच्या घरातून कोणी चार पावलं बाहेर निघालं तरी म्हणतात तसं, हात जोडून म्हटलं, "येते हं, बाई." मिस पेंडर यांनी मला विचारलं, काय म्हणाली. मी म्हटलं, ती म्हणाली की ती येईल. बाईंनी मान डोलावली. "मग दार उघडं राहील," त्या म्हणाल्या, आणि आम्ही गाडीत बसलो.

आमच्या घरात जाते कोणी म्हणत नसे. येते म्हणायचं, आणि आतून मोठ्या माणसानं म्हणायचं, ये. एवढं झाल्याशिवाय आई उंबरा ओलांडू द्यायची नाही. कॉलेजला निघाले तेव्हा, लग्न होऊन निघाले तेव्हा, तिला भेटून जर्सी सिटीच्या नोकरीला रोज निघायचे तेव्हा. माझी लेक तर ट्रॅशची पिशवी बाहेर ठेवायला जाताना मुद्दाम ओरडायची, "आजी, येते!" आणि आजी भाजी परतता परतता म्हणायची, "ये."

या वसंतात आई गेली. हॉस्पिटलात होती. उपचारांत तिचे केस गळायला लागले, म्हणून आम्ही ते पार बारीक कापून घेतले होते, आरशात बघून ती म्हणाली होती, शाळेतल्या पोरासारखी दिसते मी. त्या सकाळी तिला मेतकूट-भाताची आठवण झाली. मी आणायला घरी निघाले तेव्हा तिचा डोळा लागला होता, म्हणून न उठवता, न सांगता निघाले. परत आले तेव्हा पलंगाची चादर सरळ केलेली होती. डबा हातात गरमच होता. सगळे म्हणाले, झोपेत गेली, भाग्याची. असेलही. पण माझं येते राहून गेलं आणि तिचं ये राहून गेलं, आणि त्या दिवसापासून मी कुठल्याही दारातून बाहेर पडले की दोन पावलांवर थबकते.

तर मी आत बसले होते, तिसऱ्या बाकावर, गुडघे पुढच्या बाकाला टेकून. बिल्ले समोर दिसत होते. बाहेरच्या ओळीत गर्दी, घोडे, मासे, तारे, इतक्या वर्षांच्या पोरांच्या खुणा, सगळी वर आलेली. आतल्या ओळीत पहिल्या खिळ्यावर चिमणी आणि तिच्या शेजारी माझा कोबी. बाकी सगळे बिल्ले काळवंडले होते. आतले हे दोनच चकचकीत होते, रोज कोणी हात फिरवावा तसे.

मिस पेंडर काठी टेकत आत आल्या आणि पुढच्या बाकावर, माझ्याकडे तोंड करून बसल्या. डोरीन खाली गाडीत थांबली होती. ट्रेलर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. मी म्हटलं, बाई, तुम्ही मला आधी का नाही बोलावलंत. त्या म्हणाल्या, तुझ्या आईनं येईन म्हटलं होतं, मग बोलवायचं कशाला. शाळा बंद झाली, मुलं बसनं गावात जायला लागली, तेव्हाच त्यांना ॲडाचा बिल्ला काढून घरी न्यायचा होता. सख्खं माणूस त्याच एक उरल्या होत्या. पण माझा आत होता. जिवंत माणूस आत असताना तिला कसं काढणार? म्हणून रोज दुपारी येऊन त्या संध्याकाळपर्यंत बसत राहिल्या. आता शाळा उचलली गेली आणि दाराला कुलूप लागलं, तर ॲडा त्या मैदानावर, तिकीट काढून येणाऱ्या माणसांत, कायमची कोंडली जाणार होती.

मला इतकं अपराधी वाटलं आणि इतका रागही आला, आईचा, त्या बिल्ल्यांचा, सगळ्याचा. आईला काय माहीत, एवढंसं पितळ परत लावून तिनं कोणाची वाट अडवून ठेवलीय! मी उठून फळीकडे जायला लागले.

"थांब," मिस पेंडर म्हणाल्या. "आधी ऐक. तुझी आई येते इथे."



त्या सांगत गेल्या, हवामानाबद्दल सांगावं तसं. पूर्वी नाही यायची. या वसंतापासून यायला लागली. दुपारी, वाचनाच्या वेळेला. साडीवर तोच तपकिरी स्वेटर. तू बसली होतीस त्याच बाकावर बसते, जमिनीला पाय लावून. कधी गुळाचा वास येतो. ॲडा पूर्वी ठोकायची, रोज. आता ती शांत असते.

मी मनाशी म्हटलं, म्हातारी बाई आहे, एकटी, जुनी आठवण घोळवत बसलीय. स्वेटर तर त्यांनी तेव्हाच पाहिला होता. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "केस मात्र का कापले गं तिनं? इतके बारीक. मुलग्यासारखे."

मी परत बाकावर बसले. बाक गार होतं, आणि माझ्या तळव्यांखालची जमीन, बुटांतूनसुद्धा, कोमट लागत होती. बाहेर अजून हिवाळा नव्हता.

"ती गेली, बाई," मी म्हटलं. "वसंतातच."

"मला ठाऊक आहे. जिवंत माणसं पायऱ्या चढून येतात." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तिनं तुला आत लावलं, म्हणून ती तुझ्या मागे येते. तू बाहेर पडलीस की ती मोकळी. पुन्हा येईल की नाही, मला सांगता यायचं नाही. म्हणून म्हटलं, आधी ऐक."

त्यानंतर आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. खिडकीतलं ऊन बाकावरून जमिनीवर आलं, जमिनीवरून भिंतीवर चढलं. मी वाट बघत होते, खोटं कशाला सांगू. मला एकदा दिसायला हवी होती ती. नुसती पाठ दिसली असती तरी चाललं असतं. मी तिच्यासाठी डबा घेऊन आले होते आणि ती नव्हती, त्यातून मी अजून बाहेरच पडले नव्हते. मला वाटलं, राहू दे की बिल्ला. दर वर्षी येईन, इथे बसेन. जगाच्या पाठीवर एक दार असू दे जिथे माझी आई येते. एका म्हाताऱ्या बाईच्या बहिणीचं काय एवढं, इतकी वर्षं राहिली, आणखी राहील.

आणि समोर मिस पेंडर बसल्या होत्या. घाई नाही, शब्द नाही. मांडीवर दोन्ही हात, त्यातला उजवा थोडा उघडा, तळवा वर. त्या हाताकडे माझं लक्ष गेलं आणि मग काढवेना. सात-आठ वर्षांची मुलगी बहिणीला घेऊन घरी जायला थांबलीय, आणि बहीण काही येईना, तसा तो हात होता. इथे आई असती तर मला धपाटा घातला असता. हिचं कोण करतं, असं तिनंच विचारलं होतं ना.

तिन्हीसांज व्हायला आली होती. गांधीलमाश्या गप्प झाल्या. मी उठले, फळीपाशी गेले. आंब्याचा बिल्ला काढला, तो हाताला गरम लागला, आत्ताच कोणी मुठीतून सोडल्यासारखा. बाहेरच्या खिळ्यावर अडकवला. आता अप म्हणायचं होतं.  म्हणजे संपलंच. मग मी दाराकडे तोंड केलं, आणि आमच्या घरात म्हणतात ते म्हटलं, जे त्या सकाळी म्हणायचं राहिलं होतं.

"येते हं, आई."

मिस पेंडर आता उठून माझ्या समोर, दाराच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांचे ओठ मिटलेले मी पाहिले. माझ्या मागून, तिसऱ्या बाकाकडून, भाजी परतता परतता म्हणावं तसं, अगदी सहज, उत्तर आलं.

"ये."

मी वळले नाही. आईनं शिकवलं होतं, ये म्हटल्यावर मागे वळून बघायचं नसतं, काम होत नाही. मी सरळ उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरले आणि अंगणात जाऊन उभी राहिले. या वेळी दोन पावलांवर थबकले नाही.

मिस पेंडर मागे राहिल्या, शेवटी बाईंनीच निघायचं असतं. आतून काठीची टक टक ऐकू आली, मग थांबली. मग खूप वर्षांची खरखर साचलेल्या आवाजात, पण स्पष्ट, त्या ओरडल्या, "अप!" आणि थोड्या वेळानं पुन्हा, लहान, पातळ आवाजात, "अप." दुसऱ्यांदा त्या स्वतः म्हणाल्या की कोण, ते मी त्यांना विचारलं नाही.

त्या बाहेर आल्या तेव्हा उजवी मूठ मिटलेली होती. डोरीननं आणलेलं नवं कुलूप पोर्चच्या कठड्यावर पडलं होतं, त्यांनी ते मला लावायला सांगितलं. शाळेला लागलेलं ते पहिलंच कुलूप. किल्ली फिरली, आणि आम्ही गाडीकडे निघालो. उतारावर मी त्यांना दंड धरायला दिला. त्यांनी डावा हात माझ्या दंडावर ठेवला. उजवा हात बाजूला थोडा खाली, कोणा लहान मुलीचं बोट धरावं एवढ्या उंचीवर, धरून त्या चालत राहिल्या.